सिग्नल ११

परवा शनिवारी ड्रॉवर आवरताना रॅमची एक जुनी पट्टी हाती लागली. ४ जीबी, डीडीआर३. आई म्हणाली, "हे भंगारात टाकू का?" मी म्हटलं, राहू दे. तिचा काही उपयोग नाही, ती बिघडलेली आहे. पण मी ती मुद्दाम ठेवलीय. तिच्यामुळे माझं एका मित्राशी बिनसलं होतं, आणि चूक मित्राची नव्हती.

गोष्ट २०१८ची, थर्ड इयरची. ऑपरेटिंग सिस्टिमचा मिनी प्रोजेक्ट होता: लिनक्सच्या कर्नलमध्ये स्वतःचा एक सिस्टिम कॉल घालायचा, कर्नल सोर्सपासून बिल्ड करायचा आणि त्यावर मशीन बूट करून दाखवायचं. आम्ही चौघं. फ्लॅटवर एक असेंबल्ड पीसी होता, त्यात वर्गणी काढून एक सेकंडहँड रॅम टाकलेली (हीच ती). कोड लिहिला आमच्यातल्या एकाने. नाव देत नाही, तो हे कधीकधी वाचतो. त्याने हात लावला होता मोजून तीन-चार फाइलींना.

सबमिशनच्या आदल्या रात्री बिल्ड लावला. चाळीसेक मिनिटांनी एका नेटवर्क ड्रायव्हरमध्ये मेला. परत लावला, तर फाइल सिस्टिमच्या कोडमध्ये मेला. तिसऱ्यांदा साउंड ड्रायव्हरमध्ये. स्क्रीनवर शेवटची ओळ दरवेळी तीच, 'एरर २'. आम्ही तिघं त्याच्यावर तुटून पडलो. "अरे, एवढ्या फाइली बिघडवल्यास तरी कशा?" तो काहीतरी सांगत होता, पण रात्रीचे तीन वाजलेले आणि सकाळी दहाला एक्स्टर्नल. त्याने सगळा कोड पुन्हा टाईप केला. दोनदा. बिल्ड दोन्ही वेळा मेला. सकाळी आम्ही कुठलंतरी तयार सिम्युलेशन दाखवून वेळ मारून नेली. पुढच्या सेमिस्टरला त्याने ग्रुप बदलला.

आता मूळ मुद्दा. ऑपरेटिंग सिस्टिम सोर्सपासून बिल्ड करताना येणाऱ्या एररना स्वतःचा एक इतिहास आहे. तो मला तेव्हा माहीत असता, तर ती रात्र वेगळी गेली असती. म्हणून हा लेख.

कोंबडी आधी की अंडं?

साधा प्रोग्रॅम कंपाईल करायचा तर खाली ऑपरेटिंग सिस्टिम असते. पण ऑपरेटिंग सिस्टिमच कंपाईल करायची तर? खाली दुसरी कुठलीतरी लागते. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली हेलसिंकीत लिनक्स लिहायला घेतलं, तेव्हा त्याच्या ३८६ मशीनवर मिनिक्स होतं. अँड्र्यू टॅनेनबॉम या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी लिहिलेली ती सिस्टिम. सप्टेंबर १९९१मध्ये आलेलं लिनक्स ०.०१ साधारण दहा हजार ओळींचं होतं आणि ते मिनिक्सवरच कंपाईल करावं लागे. म्हणजे बाळ होतं, पण शेजारणीच्या अंगाखांद्यावर वाढणारं.

डिसेंबर १९९१मध्ये ०.११ आलं आणि चित्र बदललं. लिनक्स आता लिनक्सवरच कंपाईल होऊ लागलं. त्याच सुमाराची एक गंमत लिनसने स्वतःच सांगितलीय. मॉडेमला पाठवायची डायल करायची कमांड चुकून हार्डडिस्कला गेली आणि मिनिक्सचं पार्टिशनच उडालं. मिनिक्स परत टाकायचं, की आपल्याच सिस्टिमवर राहायचं? त्याने दुसरा रस्ता धरला.

पण मला आवडणारी गोष्ट वेगळी आहे. जर्मनीतल्या एका माणसाकडे फक्त २ एमबी रॅम होती. त्याला कर्नल कंपाईल करायचा होता, पण तेवढ्या जागेत जीसीसी मावत नव्हता. त्याने लिनसला विचारलं, कमी जागा घेणारा कंपायलर आहे का? आता ही तक्रार 'तुमचं मशीन छोटं आहे' म्हणून सहज उडवून लावता आली असती. लिनस स्वतः काही २ एमबीवर काम करत नव्हता, त्याला झळ नव्हती. तरी त्याने १९९१च्या ख्रिसमसला बसून मेमरीची पानं डिस्कवर टाकून ठेवायची सोय लिहिली. आपण आज ज्याला स्वॅप म्हणतो ती. जानेवारी १९९२च्या ०.१२मध्ये ती आली. मिनिक्समध्ये ती नव्हती, आणि लोक लिनक्सकडे वळायला लागले त्याचं ते एक मोठं कारण ठरलं.

म्हणजे एका अनोळखी माणसाचा बिल्ड अडला, कुणीतरी ते मनावर घेतलं, आणि त्यातून ऑपरेटिंग सिस्टिमचा एक मुख्य भाग तयार झाला. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

रोज त्याच वळणावर अडणारी गाडी

नव्वदच्या दशकात कर्नल स्वतः बिल्ड करणं ही हौस नव्हती, गरज होती. नवीन साउंड कार्ड घेतलं, चला, कर्नल कंपाईल करा. तेव्हाच्या बहुतेक एररचा एक गुण होता. त्या दरवेळी त्याच जागी येत.

पहिली, 'एएस८६ ही कमांड सापडत नाही'. कर्नलचा बहुतेक भाग सीमध्ये, पण मशीन चालू झाल्यावर पहिल्यांदा चालणारा तुकडा १६ बिटचा असेंब्ली कोड. जीएनयूच्या असेंब्लरला तेव्हा १६ बिटचा कोड नीट जमत नसे, म्हणून त्या तुकड्यासाठी वेगळा असेंब्लर लागे. तो मूळचा मिनिक्सच्या गोतावळ्यातला, ब्रूस इव्हान्स यांचा. म्हणजे घर स्वतःचं झालं तरी उंबरा शेजाऱ्याकडून आणलेला! बिन८६ नावाचं पॅकेज टाकलं की ही एरर जाई. १९९९मध्ये तो बूटचा तुकडा जीएनयू असेंब्लरच्या भाषेत आणला गेला आणि २.४पासून हा प्रश्न संपला.

दुसरी, 'सिस्टिम फार मोठी आहे, बीझेडइमेज किंवा मॉड्यूल वापरून पाहा'. सगळं कंपाईल झाल्यावर अगदी शेवटी ही यायची आणि जीव जायचा. कारण जुनं होतं. आकुंचित केलेला कर्नल पीसीच्या पहिल्या ६४० केबीत उतरवला जाई आणि प्रत्यक्षात त्याला साधारण ५१२ केबी जागा मिळे. ड्रायव्हर वाढत गेले, कर्नल त्यात बसेना. मग त्याला १ एमबीच्या वर उतरवायची पद्धत आली, ती बीझेडइमेज. (त्यातला 'बी' म्हणजे बिग. बी-झिप२शी त्याचा संबंध नाही. मुलाखतीत विचारतात.)

तिसरा प्रकार जरा खोल, कंपायलर आणि कर्नल यांच्या जोडीचा. २.०च्या काळातले कर्नल जुन्या जीसीसी २.७वर नीट बिल्ड होत. नवा कंपायलर आला आणि त्याच कोडवर कुरकुरायला लागला: 'ठरलेला रजिस्टर हलवावा लागला, कंपायलरचा दोष असेल किंवा असेंब्लीचं वाक्यच अशक्य असेल'. लोकांनी अर्थातच नव्या कंपायलरला शिव्या घातल्या. पण कर्नलमधली असेंब्लीची काही वाक्यंच मुळात नियमात बसत नव्हती, जुना कंपायलर फक्त कानाडोळा करत होता. नवीन कडक सर आले की जुन्या सरांनी सोडलेल्या चुका बाहेर येतात, तसं. उलटीही उदाहरणं आहेत. सप्टेंबर २०००मध्ये रेड हॅट ७.० आलं ते जीसीसी २.९६ घेऊन, आणि असा आकडा जीसीसीवाल्यांनी अधिकृतपणे कधी काढलाच नव्हता. त्या काळातले कर्नल त्यावर धड बिल्ड होत नसत, म्हणून रेड हॅटने केजीसीसी नावाने एक जुना कंपायलर सोबत दिला होता. फक्त कर्नलसाठी.

तर या सगळ्या एरर त्रासदायक, पण प्रामाणिक. दहा वेळा मेक चालवा, दहाही वेळा तिथेच थांबणार. रोज त्याच वळणावर बंद पडणाऱ्या गाडीसारख्या. मेकॅनिकला अशी गाडी आवडते.

दर वेळी वेगळ्या वळणावर

आता दुसरी जात. नव्वदच्या मध्यावर लोकांना एक विचित्र एरर दिसायला लागली. कर्नल बिल्ड करताना मध्येच जीसीसीचा आतला भाग, सीसी१, मरायचा. कारण काय, तर 'सिग्नल ११'. सिग्नल ११ म्हणजे प्रोग्रॅमने आपल्या मालकीची नसलेली मेमरी चाचपली आणि कर्नलने त्याला जागच्या जागी मारलं. आपण ज्याला सेगमेंटेशन फॉल्ट म्हणतो तोच. पहिला संशय कर्नलच्या सोर्सवर, दुसरा जीसीसीवर. पण तोच सोर्स, तोच जीसीसी शेजारच्या मशीनवर मुकाट्याने चालतोय!

नेदरलँड्समधल्या रोझिर वोल्फ या इंजिनिअरने या एकाच एररवर सगळ्या प्रश्नांची उत्तरं देणारा एक लेख लिहिला आणि वर्षानुवर्षं वाढवत नेला. त्याचं सार असं: दोष बहुधा तुमच्या हार्डवेअरचा आहे. रॅम, कॅशे, तापलेला किंवा ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर, बायोसमध्ये मेमरीची घाईची सेटिंग, यांपैकी काहीतरी.

यावर ठरलेलं उत्तर यायचं, "पण विंडोज तर मस्त चालतंय!" वोल्फचा खुलासा मला फार आवडतो. मेमरीतला एखादा बिट उलटा झाला आणि तिथे चित्र असेल, तर एका ठिपक्याचा रंग बदलेल, कुणाला कळणार नाही. पण कंपायलरचं पोट पॉइंटरनी भरलेलं असतं. या नोडमधून त्या नोडकडे, तिथून तिसरीकडे. पॉइंटरमधला एक बिट फिरला की पत्ता चुकला, आणि पत्ता चुकला की सिग्नल ११. त्यात लिनक्स मोकळी राहिलेली रॅम डिस्कच्या कॅशेसाठी वापरून टाकतं, म्हणजे रॅमचा कानाकोपरा कामाला लागतो. आणि कर्नलच्या बिल्डमध्ये हा कंपायलर एकदा नाही, शेकड्यांनी-हजारांनी चालतो. रॅम तपासायला याहून कडक परीक्षक मिळायचा नाही. शिवाय त्याच काळात स्वस्त पीसींमधून पॅरिटी असलेली रॅम गायब होत होती, त्यामुळे चुकलेला बिट 'मी चुकलो' असं सांगायचाच नाही.

मग ओळखायचं कसं? वोल्फची कसोटी एका वाक्याची आहे. मेक पुन्हा चालवा. त्याच जागी थांबला तर बहुधा सॉफ्टवेअर. ती जागा ओलांडून पुढे कुठेतरी भलतीकडेच मेला तर हार्डवेअर. (एक पोटनियम आहे. खराब झालेला तुकडा कॅशेतच बसला असेल तर तो पुन्हा त्याच जागी दगा देतो. म्हणून मध्ये एखादी भलीमोठी फाइल वाचून कॅशे धुऊन घ्यावी, किंवा सरळ रीबूट करावं.)

आता वर जाऊन आमची रात्र पुन्हा वाचा. नेटवर्क ड्रायव्हर, मग फाइल सिस्टिम, मग साउंड. तीन रन, तीन जागा. पुरावा डोळ्यांसमोर होता. आम्ही त्याचा अर्थ लावला, 'याने तीन ठिकाणी घाण केली'.

कधीकधी प्रोसेसरही

दोष नेहमी रॅमचाच असतो असंही नाही. १९९७मध्ये एएमडीचा के६ प्रोसेसर आला. ३२ एमबीपेक्षा जास्त रॅम असेल तर त्याच्या सुरुवातीच्या काही चिपवर लिनक्सचा कर्नल कंपाईल करताना सिग्नल ११ यायचा. लोकांनी रॅम बदलल्या, तरी तेच. शेवटी दोष खुद्द प्रोसेसरमध्ये निघाला आणि एएमडीने चिप सुधारली.

दुसरी गोष्ट ड्रॅगनफ्लाय बीएसडीची. त्याचा कर्ताधर्ता मॅथ्यू डिलन. त्याच्या एएमडी मशीनवर सिस्टिमचा बिल्ड सतत चालू ठेवला की कधीतरी सीसी१ मरायचा. लगेच नाही, कधीकधी दीड-दोन दिवस बिल्ड फिरवल्यावर. डिलन स्वतः कर्नल लिहिणारा, त्यामुळे पहिला संशय त्याने स्वतःच्या कर्नलवर घेतला आणि त्यातच कित्येक महिने घालवले. मशीन बदलून पाहिलं, एकेक गोष्ट वगळत गेला. शेवटी उरलं ते इतकंच: सीसी१मधल्या एका ठराविक फंक्शनमधून बाहेर पडताना, स्टॅक एका ठराविक पत्त्यावर असेल, तर प्रोसेसर स्टॅक पॉइंटर चुकीचा लिहितो. एवढं बारीक करून त्याने ते एएमडीला दिलं. मार्च २०१२मध्ये एएमडीने मान्य केलं की होय, हा प्रोसेसरचाच दोष.

आणि २०१७मध्ये पुन्हा. रायझन नवा आलेला, जेंटूवाले (जे सगळी सिस्टिमच सोर्सपासून बिल्ड करतात) सोळा-सोळा जॉब लावून कंपाईल करायचे आणि मधूनच सेगमेंटेशन फॉल्ट. त्या ऑगस्टमध्ये एएमडीने काही चिपमध्ये अडचण असल्याचं कबूल केलं आणि प्रोसेसर बदलून दिले. के६नंतर वीस वर्षांनी, तीच परीक्षा, तोच परीक्षक.

आता हे वाचून उद्या ऑफिसात 'माझा कोड बरोबर आहे, प्रोसेसरच खराब आहे' म्हणू नका :-) शंभरातल्या बहुतेक वेळा चूक आपलीच असते. डिलनकडून शिकायचं ते हे, की त्याने आधी स्वतःला तपासलं आणि दुसऱ्याकडे बोट दाखवलं ते पुरावा हातात आल्यावर.

वरची ओळ

कामाचं एवढंच सांगतो. बिल्ड मेला की शेवटची ओळ वाचू नका, ती फक्त 'मेलो' एवढंच सांगते. पहिली एरर शोधा. चार-आठ जॉब एकदम चालत असतील तर ती पार वर गेलेली असते, म्हणून एकच जॉब लावून परत चालवा. आऊटपुट फाइलीत वळवून ठेवा. मग वोल्फची कसोटी: जागा तीच, की वेगळी? तीच असेल तर टूल आहे का, व्हर्जन जुळतंय का, डिस्क भरली का, रॅम कमी पडली का, ते बघा. वेगळी असेल तर रात्रभर मेमटेस्ट लावा आणि झोपा.

आमचं पुढे काय झालं? त्याच उन्हाळ्यात पीसीवर कॉपी केलेल्या झिप फाइली करप्ट यायला लागल्या. मी मेमटेस्ट लावला, सकाळी उठून पाहतो तर स्क्रीन लाल. सेकंडहँड पट्टी काढली. सहज म्हणून मित्राचा कोड असलेलं जुनं फोल्डर, एक अक्षर न बदलता, बिल्डला लावलं. पहिल्या फटक्यात झालं. बूटही झालं. त्याचा सिस्टिम कॉल व्यवस्थित उत्तर देत होता.

नोकरी लागल्यावर एकदा त्या रात्रीचा लॉग उघडून पाहिला. 'एरर २'च्या बऱ्याच वर, भलत्याच फाइलींच्या ओळींमध्ये दडलेलं, जीसीसीने स्वच्छ लिहिलं होतं: ही चूक पुन्हा घडवता येत नाही, त्यामुळे बहुधा हार्डवेअरचा किंवा ऑपरेटिंग सिस्टिमचा दोष असावा. हो, जीसीसी आता असा मेला की तेच काम स्वतःच पुन्हा करून बघतो आणि निकाल जुळतो का ते तपासतो. वोल्फचा सल्ला कंपायलरच्याच अंगी मुरलाय! आम्ही तिघांनी ती ओळ वाचली नव्हती.

हे सगळं मी बाकी दोघांना तेव्हाच सांगितलं होतं. त्याला मात्र नाही. लाज वाटली म्हणा, राहून गेलं म्हणा. सात-आठ वर्षं राहून गेलं.

शनिवारी ती पट्टी हातात घेऊन त्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तो हसला. म्हणाला, "मी त्या रात्रीच वाचली होती ती ओळ. तुम्हाला दाखवलीही होती. तुम्ही म्हणालात, स्वतःचं झाकायला हार्डवेअरवर ढकलतोय."

मला हे अजिबात आठवत नाही. पण आम्ही तसं म्हणालो असणार, यात शंका नाही.

"मग तू परत टाईप का केलास? तेही दोनदा?"

"तुम्ही तिघं होतात ना," तो म्हणाला.

दिवाळीत तो इकडे येतोय. पट्टी त्याला द्यायचं ठरवलंय.